प्रसादाला खाणं म्हणत नाहीत

आमच्या बेंबळी गावात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. भाजीवाला असो की गॅसवाला, ऐकून घेणं माझ्या स्वभावातच नाही. आणि जिथं एकच वाक्य बोलायचं होतं, तिथं मी मूग गिळून बसले. पणाला लागलेला जीव माझ्या धाकट्या जावेचा होता.

तिचं पहिलं बाळंतपण सिझेरियनचं, म्हणून दुसरंही सिझेरियनच ठरलं होतं. धाराशिवच्या दवाखान्यात, सकाळी दहाला. रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाऊ देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी दोनदा बजावलं. आमच्या सासूबाईंनी मान डोलावली. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. सकाळी मात्र गाडी दारात उभी असताना त्यांनी देवापुढची वाटी उचलली. खंडोबाला दाखवलेला शिरा, तुपानं थबथबलेला. आमच्या घरातली बाई बाळंतपणाला निघाली की प्रसाद घेतल्याबिगर उंबरा ओलांडत नाही, आणि तो भरवायचा थोरल्या जावेनं. म्हणजे मी.

"आत्या, डॉक्टरीण नको म्हणलीया," धाकटी बारीक आवाजात म्हणाली.

"अगं, प्रसादाला कुणी खाणं म्हणतंय व्हय? घे, इपरीत बोलू नगं."

मी भरवला. प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून अख्खी वाटी भरवली.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर भूल देणारे डॉक्टर आले. धाकटी स्ट्रेचरवर, उशाशी आत्या, पायाशी मी. डॉक्टरांनी कागद काढून तिला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का, ताई?"

"पान्याचा घोटबी न्हाय, सायेब," आत्याच म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच. पण माझ्या लेखी होतं ना! माझ्या बोटांना अजून तुपाचा वास येत होता. डॉक्टरांनी लिहून घेतलं, स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं.

थोड्या वेळानं नर्स लगबगीनं बाहेर आली. कमरेत दिलेलं भुलीचं इंजेक्शन नीट लागलं नाही, बाळाचे ठोके कमी होतायत, पूर्ण भूल द्यावी लागेल, असं म्हणून तिनं माझ्या दिराची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची, सही घेतली. भुलीत पोटातलं वर येतं, हे तेव्हा मला कुठं ठाऊक! पण डॉक्टरांनी उगीच विचारलं नसणार, एवढी अक्कल मला होती.

"आत्या, सांगू का त्यांना?"

"गप बस. देवाचं नाव घे."

मी बसले. कशी बसले, कुणास ठाऊक. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. आत्यांनी हात जोडले, मीही जोडले. तेवढ्यात आत धावपळ सुरू झाली. दार धाडकन उघडून भूल देणारे डॉक्टर बाहेर आले.

"काय खाल्लं होतं हिनं? खरं सांगा!"

"शिरा," मी म्हणाले. "वाटीभर. साडेआठला."

डॉक्टर परत आत पळाले. भुलीत तिला उलटी झाली होती आणि ती फुफ्फुसात गेली होती. दुपारी अँब्युलन्सनं तिला सोलापूरला हलवलं. तिथं नऊ दिवस श्वासाच्या मशीनवर. मी घरी तिच्या तान्ह्या लेकीला बाटलीनं दूध पाजत होते आणि फोन वाजला की माझी पाचावर धारण बसत होती. त्या नऊ दिवसांत मी आत्यांशी बोलले नाही.

धाकटी वाचली. आवाज बसलेला, चार पावलं चालली की धाप लागायची. एका दुपारी आत्या देवळात गेल्या होत्या, तेव्हा मी तिच्यापुढं रडलेच. म्हटलं, "चूक माझी. म्या बोलाया पाहिजे हुतं गं."

"अक्का, डॉक्टरांनी इचारलं ते मलाच हुतं," ती म्हणाली. "म्या शुद्धीत हुते की."

"मग बोलली का न्हाईस?"

"आत्या बोलून बसल्या. त्यास्नी चार माणसांत खोटं कसं पाडायचं?"

"अगं, मरायची भीती न्हाय वाटली तुला?"

"लई वाटली," लेकीला थोपटत ती म्हणाली. "पर आत्यांची जास्ती वाटली."