मास्तरांचा उजवा पाय

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा उजवा पाय त्यांचं ऐकत नसे, ही मास्तरीणबाईंची जुनी तक्रार. तिच्यात तथ्य होतं. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि जन्मभर त्याच्यावर राहून त्या पायाला स्वतःची अक्कल आली होती. बसमध्ये बसले तरी वळणावर पाय पुढची सीट दाबायचा. टीव्हीच्या पडद्यावर एखादी गाडी सुसाट निघाली, की सोफ्यासमोरची सतरंजी वीतभर पुढे सरकायची. मास्तरीणबाई कपबशांचा ट्रे घेऊन दारातून आल्या, तरी तेच.

"अहो, मी ट्रक नाही," त्या म्हणायच्या.

"तोच तर घोळ आहे. ट्रक हॉर्न देतो."

एरवी मास्तर म्हणजे मेणाहून मऊ. विद्यार्थ्यावर आवाज चढवला म्हणून कुणी ऐकलं नाही. एका बाईंनी दोन्ही हातांनी गिअर उपटायला घेतला, तेव्हाही एवढंच म्हणाले, "सावकाश, ताई. गिअर आहे, हापसा नव्हे." एका गृहस्थांनी गाडी दुभाजकावर चढवली. "हरकत नाही," मास्तर म्हणाले, "इथून रस्ता चांगला दिसतो."

पण परक्याच्या पोराला धीर देणं सोपं. तो धडपडला तर रात्रभर जागायला त्याचा बाप असतो. आपलं पोर चाकामागे बसलं, की ज्याला शहाणा म्हणतात तो बापसुद्धा कामातून जातो. चिरंजीव शिकायला बसले तेव्हा मास्तर ओरडले नाहीत, टोकलं नाही, चकार शब्द काढला नाही. फक्त पाय टाकला. लांबवर सिग्नल दिसला, ब्रेक. पलीकडच्या फुटपाथवर एक आजोबा चष्मा पुसत उभे होते, ब्रेक. चिरंजीवांचा पाय उचलून पेडलकडे निघेपर्यंत गाडी थांबलेली असायची. होता होता त्यांची पक्की समजूत झाली, की थांबणं हा गाडीचा स्वभावच आहे. घरी मास्तर कौतुकाने सांगायचे, "पोरगा गाडी सफाईने चालवतो. अजून कुठे घासली नाही."

परीक्षा परवाना कचेरीच्या मैदानात होती, आणि गाडी कचेरीची. तिला दुसरा ब्रेक नव्हता. चिरंजीवांनी इंग्रजी आठचा आकडा देखणा काढला, चढावर गाडी तसूभर मागे जाऊ दिली नाही. शेवटी रेषेवर थांबायचं होतं. तिथे ते निर्धास्त बसून राहिले. रेषा गेली. रेषेमागचे रबरी शंकू गेले. त्यामागे परीक्षक साहेबांची खुर्ची होती, तीही गेली. साहेब नशिबाने गाडीत होते. त्यांनीच हँडब्रेक ओढला.

"ब्रेक का नाही दाबलास?"

"मला वाटलं, दाबला गेला असेल," चिरंजीव म्हणाले. यात लबाडी काहीच नव्हती.

नापास होण्याचं एवढं काही नव्हतं. पण बेकरीवाल्याने पावाच्या गाडीवर नोकरी देऊ केली होती. पुढच्या परीक्षेपर्यंत थांबतो, म्हणाला, त्यानंतर दुसरा बघतो. आजवर मास्तरांनी ओळखीने लावलेली एकही नोकरी मुलाला मानवली नव्हती. ही त्याने स्वतः जाऊन मागितली होती.

त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, माझा पाय पोचायच्या आत तुमचा पोचतो. ब्रेक मी शिकलोच नाही."

"मी कुठे दाबतो एवढा?"

"आत्ता दाबताय," मास्तरीणबाई शिवणातून मान वर न करता म्हणाल्या. सतरंजीची घडी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर मेकॅनिककडे गेले. "माझ्या बाजूचा ब्रेक सोडवून ठेव. पेडल दिसू दे, पण लागायला नको."

"आणि विद्यार्थी?"

"परीक्षेपर्यंत त्यांना सुट्टी."

"मुलाला सांगितलंत?"

"त्याला सांगितलं तर घाबरेल."

"आणि तुम्ही?"

"मी घाबरलेलोच आहे रे. त्यात नवीन काय."

गोदामांच्या मागचा रस्ता सकाळी मोकळा असतो. मुलाने गाडी काढली. मास्तरांनी उजवा हात हँडब्रेकजवळ ठेवला आणि सवयीने पाय पेडलवर. पेडल तुटल्या चपलेसारखं लुळं पडलं होतं. अर्धा रस्ता बरा गेला. मग एका फाटकातून रिकाम्या खोक्यांनी लादलेली हातगाडी उलटी बाहेर आली. ढकलणारा खोक्यांआड होता, त्याला काही दिसत नव्हतं. मास्तरांनी सगळं वजन पायावर टाकलं. काहीच झालं नाही. काहीच झालं नाही, हे समजण्याइतका वेळ गेला. आणि गाडी थांबली.

मुलाने सुस्कारा सोडला. "परत तुम्हीच दाबलात ना?"

"नाही."

"बाबा, मी पाहिला तुमचा पाय."

"वाकून हाताने दाबून बघ."

मुलगा वाकला. पेडल तळापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. तो सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"वेड लागलंय का तुम्हाला? मी नसता दाबला तर?"

"हँडब्रेक होता की."

"ओढलात?"

"ओढणारच होतो. तेवढ्यात तू थांबवलीस."

मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"त्याला जाऊ दे पुढे," मास्तर म्हणाले.

"तो जाईल त्याचा. तुम्ही आधी पट्टा नीट लावा."

मास्तरांनी निमूटपणे पट्टा लावला. मुलाने त्यांना त्या दिवशी इतकं जपून घरी आणलं, की वाटेत भाजीवाला आपल्या ढकलगाडीसकट पुढे निघून गेला.

दुसऱ्या खेपेला चिरंजीव पास झाले आणि पावाच्या गाडीवर रुजू झाले. पाव थोडा उशिरा पोचतो, बेकरीवाला म्हणतो, पण एकही चेपलेला नसतो. परवा मास्तर सहज मुलाबरोबर फेरीला गेले आणि बाजारपेठेच्या भर गर्दीत, बाजूच्या सीटवर, चक्क घोरायला लागले. बेकरीच्या दाराशी मुलाने हलवून उठवलं.

"पोचलो?" मास्तर डोळे चोळत म्हणाले. "ब्रेक लागलेला कळला नाही."

मुलगा रिकामे ट्रे उतरवायला गेला, आणि जाताना उगाचच शीळ घालत होता.