चष्म्यातली आई

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून निघालेली नाही. नवऱ्यापाशी कदाचित निघाली असती, पण ते राहिले नाहीत. लेकीपाशी निघणार नाही — तिचा काकावर फार जीव. तुला मात्र लिहून सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, तेवढं बरं असतं.

कुठून सुरू करू?

माझा धाकटा दीर दिगंबर. परतूरला त्याचं बियाण्याचं दुकान आहे, मोठा माणूस झालाय. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याच साली आमच्या आत्याबाई — म्हणजे माझ्या सासूबाई — आजारपणात गेल्या. मग त्याला न्हाऊ घालणं, दुधात भाकर कुस्करून भरवणं माझ्याकडे आलं. मीच तेव्हा नुकती परकरातून लुगड्यात आलेली. तरी मी त्याची आई नव्हते, आणि हे कुणीतरी त्याला लवकरच सांगून टाकलं.

आत्याबाईंचा फोटो कुणाकडेच नाही. बाहेरच्या माणसांसमोर त्या पदर नाकापर्यंत ओढून असायच्या. गावातल्या पुरुषांनी त्यांचे हात पाहिले, पायातली जोडवी पाहिली, एवढंच. त्या वेळच्या बायका एकेक करून गेल्या, मामंजी गेले, आमचे मालक गेले. तो चेहरा पाहिलेलं माणूस एकच उरलं — मी.

मागल्या वर्षी दिगंबर जालन्याच्या एका पोरीला घेऊन अंबडकडच्या आमच्या घरी आला. श्रुती तिचं नाव. ती कॉम्प्युटरच्या आतल्या जगात माणसं घडवते. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की त्या जगात जाता येतं, म्हणे. तिथं घरं असतात, रस्ते असतात, हिंडणारी माणसं असतात. कुणी स्वतःचं रूप करून घेतं, कुणी मेलेल्या माणसाचं. अवतार म्हणतात त्याला. दिगंबरला आई पाहिजे होती.

"वैनी, तुमी सांगत जा, ही काढत जाईल," तो म्हणाला. "तुमच्याबिगर हाय कोन आता?"

पोरीनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्यापुढे केला. त्यावर एक चेहरा होता — केस नाहीत, भुवया नाहीत, मळलेल्या कणकेसारखा. "काकू, कपाळ कसं होतं?" मी म्हणाले, रुंद. कपाळ रुंद झालं. मी म्हणाले, अजून जरा. अजून जरा झालं. माझ्या शब्दानं आजवर कुठली वस्तू जागची हलली होती? चहात साखर किती, हेसुद्धा मला या घरात कुणी विचारलं नाही.

कपाळ मी खरं सांगितलं. कपाळापर्यंत मी खरी होते.

तेवढ्यात दिगंबरला दुकानातून फोन आला. दारात उभा राहून तो नोकरावर ओरडत होता — "खुर्चीवर कोनी बसवलं त्याला? उठव! मागं बसव!"

तोच आवाज. तेच शब्द.

त्याच्या लग्नात माझी माय आल्ती. घनसावंगीहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. लुगडं जुनं, पण धुतलेलं. ती बिचारी पुढच्या पंगतीत बसली. दिगंबर आला. "ही म्हातारी कोनाची? उठवा तिला जल्दी. मागं बसवा, भांडेवाल्या बायांत." कुणीतरी म्हणालं, "आरं, वैनीची माय हाय ती." तर म्हणतो, "मंग काय झालं? पाव्हन्यांत शोभंल का?"

माय उठली. मी दाराआड होते — बाहेर आले नाही. का आले नाही? मला सांगता येत नाही. माय मागे गेली, भांड्यांपाशी बसली, आणि हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून — की मला कुणी बोल लावू नये म्हणून? — परात घासायला लागली. उपाशीच परत गेली. पुन्हा माझ्या दारी आली नाही.

आणि या सगळ्यात दिगंबरनं तिच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. लुगड्याकडे पाहिलं होतं.

"आणि डोळे, काकू?" पोरीनं विचारलं.

मी मायचे डोळे सांगितले. घारे, जरासे खोल. मग नाक मायचं. ओठ मायचे. हनुवटीवरचं गोंदण मायचं. मी लहान असतानाची, तरणी माय. "न्हाई, गाल जरा बसके," मी म्हणायचे, आणि गाल बसायचे. दिगंबर फोन ठेवून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"अशीच होती, वैनी?"

"बराबर अशीच."

तो रडायला लागला. मला काय वाटलं सांगू? गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो चष्मा चढवतो. परतूरला गेले तेव्हा मी पाहिलं — गुडघ्यांवर बसला, वाकला, कपाळ फरशीला टेकवलं. चष्म्याच्या आत माझी माय बसलेली, आणि हा तिच्या पायाशी. मी स्वयंपाकघराच्या दारातून पोटभर पाहिलं.

पण आत्याबाईंनी माझं काय वाकडं केलं होतं? कापूस वेचून माझी बोटं पहिल्यांदा फाटली तेव्हा त्यांनीच तूप लावलं होतं. त्यांना मी उठवलं आणि त्यांच्या जागेवर मायला बसवलं. आता डोळे मिटले तर मलाही आत्याबाई नीट दिसत नाहीत. माय मधे येते.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ —

नाही थांबले. गेल्या महिन्यात दिगंबर एकटाच आला. मी तूर निवडत होते. समोर जमिनीवरच बसला.

"वैनी, आई नुसती बघत ऱ्हाती. श्रुती म्हणती, हसू घालता येतं. मला पाहून हसायची का वो आई?"

केस पांढरे झालेला माणूस. विचारताना तोंड अगदी लहान पोराचं झालं होतं. मी ते पाहिलं. पाहून, मान खाली घालून म्हणाले —

"न्हाई भाऊजी. तुमाला पाहून कधी न्हाई हसल्या."

तो थोडा वेळ माझ्या सुपातली तूर चाळवत बसला, आणि चहा न घेता गेला.

आत्याबाईंच्या घशाखाली शेवटी पाणी उतरत नव्हतं. कुणी आलं तरी डोळे उघडत नव्हत्या. फक्त दिगंबर धडपडत खाटेपाशी आला की हसायच्या — सगळं अंग हलायचं, एवढं. ते हसू मला अजून लख्ख आठवतं. ते मी त्याला दिलं नाही. देणारही नाही.