तटतटतंय, पण दुखत नाही

आमच्या हाडांच्या वॉर्डात तिला सगळे किती-ताई म्हणत. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर असणार, पण ते कार्ड कायम उलटं फिरलेलं असे आणि सरळ करून वाचण्याची तसदी मी घेतली नाही. ती यायची, कॉटशी खुर्ची ओढायची आणि विचारायची, "काका, आत्ता किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही."

माझा गुडघा नुकताच बदललेला. आधीच जिवाचा संताप, त्यात हे गणित. मी म्हणालो, "दुखणं काय तराजूत घालून सांगू?" ती हसली नाही, चिडलीही नाही. "घाला, मी थांबते," म्हणाली आणि खरंच थांबली. मी जन्मभर बसमध्ये कंडक्टरी केलेला माणूस. 'पुढे सरका' म्हणत लोकांना रेटण्यात माझा घसा गेला. माझ्यासाठी कुणी थांबायची मला सवयच नव्हती. मी निमूटपणे सहा म्हणालो.

मोठ्या डॉक्टरांचं संशोधन चालू होतं. हाडाच्या ऑपरेशननंतर दुखणं कसं आवरायचं, आणि दुखणं आवरलं तर माणूस लवकर पायावर उभा राहतो का, असा त्यांचा प्रश्न. त्यासाठी पायाकडे जाणाऱ्या नसेजवळ इंजेक्शन देत. काहींना नेहमीचं औषध, काहींना नवं, जास्त वेळ टिकणारं. कुणाला कुठलं मिळालं ते आम्हाला माहीत नाही आणि किती-ताईलाही नाही, ते प्रत्येकाच्या नावाच्या बंद पाकिटात. का, तर कळलं की तिचा कान फितूर होईल, नव्या औषधवाल्याने सहा म्हटलं तरी तिला चार ऐकू येईल. हे मात्र मला पटलं. फितूर कान मी घरात रोज बघतो.

ती आधी याच वॉर्डात नर्स होती. या कामात कशा आलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "नर्स असतानाही विचारायचेच की मी. पण तुम्ही उत्तर देईपर्यंत मी पुढच्या कॉटवर पोचलेली असायचे. इथे उत्तर ऐकण्याचाच पगार आहे." नवरा घरी म्हणतो, जगाची दुखणी विचारत फिरतेस आणि मी डोकं धरून बसलो तर म्हणतेस, बसलाच आहात तर लसूण सोला. हे सांगताना ती पहिल्यांदा हसलेली दिसली.

माझ्या शेजारच्या कॉटवर काचवाला आला. उंच इमारतींना काचा बसवायचा. फळी सरकली, हा खाली, नडगीच्या हाडाचे तुकडे. ऑपरेशन करून हाडात सळई घातली आणि त्यालाही संशोधनात घेतलं. बायको जवळ होती, बारीक चणीची, तोंडाने खमकी. तो मात्र दगड. किती-ताईने विचारलं, "दादा, किती?" तो म्हणाला, "दोन."

छोटे डॉक्टर, म्हणजे मोठ्यांच्या हाताखाली शिकणारे, खूश झाले. मला म्हणाले, "बघा काका, शिका यांच्याकडून काहीतरी." मी तोंड फिरवून झोपलो. हाड मोडलेला माणूस दोन म्हणतो आणि मी आयता गुडघा बसवून सहा, म्हणजे माझी शोभाच की.

पण चहाची गाडी येऊन गेली आणि मला काही बरं दिसेना. काचवाल्याचा चहा तसाच. कपाळावर घाम, मूठ कॉटच्या दांडीभोवती आवळलेली. किती-ताई पुन्हा आली.

"दादा, दुखतंय?"

"नाही ताई."

"किती धरू?"

"दोनच धरा."

तिने दोन लिहिलं आणि माझ्याकडे वळली. मी आकडा जुळवत होतो, तेवढ्यात त्याची बायको त्याच्या पायाखालची उशी सारखी करायला गेली. तो दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, हात नको लावू. नुसतं तटतटतंय. पोटरी आता फाटेल असं वाटतंय."

"मग सांगा की ताईंना."

"त्या दुखतंय का म्हणून विचारतात. हे दुखणं नाही."

किती-ताईचं पेन थांबलं. माझा आकडा माझ्या तोंडात राहिला.

आता यात त्या माणसाचं काय चुकलं, सांगा. आपल्याकडे दुखतं ते वेगळं, ठणकतं ते वेगळं, ठसठसतं, सणकतं, चमकतं, कळ येते, रग लागते, तटतटतं, सगळ्यांची घरं निराळी. एकाच्या दारात उभं राहून दुसऱ्याला हाक मारली तर ओ कोण देणार? दुखतंय का विचारलं, त्याने प्रामाणिकपणे नाही सांगितलं. सरळ माणूस, खोटं कशाला बोलेल.

ताईने त्याच्या पायावरचं पांघरूण काढलं. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या कातडीला बोट लावलं. "इथे लावलेलं कळतंय?"

"नाही."

तिने त्याची बोटं धरून हळूच वर वळवली. तो ओरडला नाही, पण त्याची पाठ गादीवरून उचलली गेली आणि कॉट माझ्या कॉटवर आदळली.

तिने छोट्या डॉक्टरांना हाक मारली. तिचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. ते धावत आले, कागद बघितला. "ताई, सकाळपासून दोनच आहे. आणि बधिरपणा इंजेक्शनचाही असेल."

"असेल ना. इंजेक्शन दुखणं झाकत असेल, तर या दोनावर विसंबायचं कसं? डॉक्टर, पोटरीला हात लावून बघा."

ते पोरगं शहाणं. वाद घातला नाही. पट्टी कापली, पोटरी दाबली आणि त्यांचा चेहरा उतरला. फोन लावला. मोठे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते, तिथल्या कुणीतरी त्यांच्या कानाशी फोन धरला असावा. पलीकडून एवढंच आलं, "पाकीट नंतर फोडा. आधी त्यांना वर आणा."

बायकोने विचारलं, "काय झालंय?"

किती-ताईने आडपडदा ठेवला नाही. "आत सूज वाढलीय. स्नायूंना जागा उरली नाही, रक्त पोचत नाही. पोटरी दोन्ही बाजूंनी उघडून जागा करून द्यायची आहे. जखम काही दिवस उघडीच राहील."

"आणि नाही केलं तर?"

"पाय जाईल."

ती खमकी बाई एकदाच भिंतीला टेकली. मग म्हणाली, "सही कुठे करू?"

स्ट्रेचर ढकलत नेलं तरी तो आपला सगळ्यांना समजावत होता, "अहो, पण मला दुखत नाहीये." वेदनेने किंचाळणारी माणसं मी त्या वॉर्डात खूप ऐकली, पण त्याच्या या वाक्याइतकी भीती कशानेच वाटली नव्हती.

किती-ताई त्याच्या रिकाम्या कॉटपाशी बसून राहिली. तुमची काय चूक, असं मी म्हणायला गेलो, तर म्हणाली, "समजूत नका काढू, काका." थोड्या वेळाने खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुमचं ते सहा काय आहे? ठणका की कळ?"

मी आठवून पाहिलं. "ठणका. कळ वेगळी. पाय वाकवला की येते. ती मी सांगितली नाही."

"का?"

"तुम्ही दुखणं विचारलंत. कळ आली की माणसाने कळ काढायची असते. ती काय सांगायची?"

तिने मांडीवरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांचे आकडे होते त्यात. त्यातले किती असेच अर्धवट असतील, हे तिच्या मनात आलेलं मला कळलं आणि मी उगाच बोललो असं वाटलं.

मोठे डॉक्टर खाली आले तेव्हा टोपीही काढलेली नव्हती. आधी बायकोपाशी गेले. "स्नायू जिवंत आहेत. पाय कापावा लागणार नाही. पण नस कितपत दबली ते आत्ता सांगता येत नाही. औषधाचा अंमल उतरल्यावर अंगठ्यात जाणीव आली, तर पाऊल उचलता येईल. नाही आली तर फरफटत चालावं लागेल." काचा बसवणाऱ्याला फरफटतं पाऊल म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती.

मग ते ताईकडे वळले. "पाकीट फोडलं. नवं औषध होतं. नडगीच्या पेशंटना हे इंजेक्शन आजपासून बंद."

"सर, दोन मी लिहिलं."

"ते म्हणाले ते लिहिलंत. प्रश्न मी लिहून दिला होता." खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कागद काढा. तटतटणं पहिलं लिहा. बाकीचे शब्द कोण सांगणार?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगत गेलो, पण लक्ष कुणाचंच नव्हतं. सगळ्यांचे डोळे दाराकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्या अंगठ्यापाशी बोट लावलं. "कळतंय?" "नाही." दुपारी पुन्हा. "नाही." औषध उतरायची वेळ होऊन गेली होती, हे छोट्या डॉक्टरांच्या तोंडावर दिसत होतं. बायकोने पदर तोंडाशी धरला. मी देवाधर्मातला नाही, तरी त्या दिवशी उलटं मागणं मागितलं, की याला दुखू दे.

संध्याकाळचे दिवे लागले तेव्हा किती-ताई घरी जायला निघाली होती. पिशवी खांद्याला लावलेली, तशीच वळून आली आणि पुन्हा बोट लावलं. काचवाल्याचा जबडा आवळला. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं.

"दादा, काय होतंय? कुठल्याही शब्दात सांगा."

"काही नाही ताई." मग गिळत गिळत म्हणाला, "अंगठ्यात. ठणका. कळ वर चढतेय."

"दुखतंय?"

"हो. फार दुखतंय."

किती-ताई तशीच पिशवीसकट मटकन खुर्चीत बसली. त्याची बायको मात्र त्याच्यावर उसळली. "मग ओरडा ना. दातओठ कसले खाताय? इथे कोण बसलंय तुम्हाला नावं ठेवायला?"

त्याने आमच्याकडे पाहिलं, लाजल्यासारखं. मग ओरडला. अख्ख्या वॉर्डात त्याला कुणी गप्प बस म्हणालं नाही.