लांबच्या बाजूचं पाणी

आमचे हे नळाच्या पाण्याचे लाईनमन होते. लांब दांड्याची चावी घेऊन गल्लोगल्ली पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. त्यामुळं शहागंज भागातल्या अर्ध्या लोकांकडं ह्यांचा नंबर, आणि सकाळपासून एकच प्रश्न, पाणी कधी?

मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्र उभ्या जन्मात पाहिला नाही, पण सातवीच्या पोरींना भरती-ओहोटी शिकवून शिकवून घसा बसलाय. हे त्यावरून लई चिडवायचे. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, असं एकदा सांगितलं तर म्हणाले, "तुझा चंद्र सुखी हाय. रोज उशीर करतो आणि त्याला एक फोन येत नाही."

दोन महिन्यांपूर्वी हे गेले. जेवता जेवता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी रडले नाही. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. भाजीत मीठ घातलं की नाही, तेही कळायचं नाही. खायचे आणि ताट घासून ठेवायचे.

तेराव्यानंतर ह्यांचा मोबाईल वाजला. पाणी कधी? हे गेले, एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात. हे कामात आहेत म्हटलं, नव्या लाईनमनला विचारलं आणि वेळ कळवली. मग तेच सुरू झालं. लोकांना कुठून कुठून कळत गेलं तसे फोन कमी झाले. मुलगा दर रविवारी पुण्याहून म्हणायचा, आई, तो नंबर बंद कर, किती दिवस लोकांना फसवणार? मी हो म्हणायचे. नंबर बंद केला की ह्यांना विचारणारं कुणी उरणार नाही, आणि मग हे खरोखरचे गेले असं होईल. हे मला त्याला सांगता यायचं नाही.

शेवटी एकच फोन उरला, शहागंजातल्या एका आजींचा. एकट्या राहतात. दर पाळीला विचारायच्या, मी वेळ सांगितली की बरं म्हणून ठेवून द्यायच्या.

गेल्या आठवड्यात भरती-ओहोटीचा धडा आला. दरवर्षीचा प्रश्न एका पोरीनं विचारलाच. चंद्राच्या बाजूला पाणी चढतं हे कळलं मॅडम, पण त्याच वेळी पलीकडच्या बाजूला का चढतं? तिकडं तर चंद्र नाही.

मी वर्ग मैदानात नेला. कडुलिंब म्हणजे चंद्र. तीन पोरी एकामागं एक उभ्या केल्या. पुढची जवळचं पाणी, मधली पृथ्वी, शेवटची लांबचं पाणी. चंद्र जवळच्याला जास्त ओढतो म्हणून पुढचीनं पळायचं, मधलीनं भराभर चालायचं, शेवटचीनं सावकाश. शिट्टी वाजवून थांबवलं तर मधलीच्या दोन्ही बाजूंना अंतर पडलेलं. पुढचं पाणी पुढं गेलं, शेवटचं मागं राहिलं, म्हणून दोन्हीकडं भरती. सगळ्यांना पटलं. मागं उभी असलेली पोरगी मात्र रुसली.

"मॅडम, मला ओढतच नाही का चंद्र?"

"ओढतो गं. कमी ओढतो, म्हणून मागं राहिलीस."

हे मी दरवर्षी सांगते. या वर्षी सांगितलं आणि धडा तिथंच थांबवला. वर्ग तसाच आत पाठवला.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पर्समधला ह्यांचा मोबाईल वाजला. आजींचाच होता. हे कामात आहेत म्हणायला तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "आजी, हे गेले. दोन महिने झाले."



"मला म्हाईत हाय, बाई," त्या म्हणाल्या. "पाण्याचं तर नवा माणूस दारावर सांगून जातो. तू फोन उचलतीस, म्हणून करते."

मला रडू आलं. हातात डबा तसाच, सगळ्या बायकांसमोर, हुंदके देऊन रडले. आजी तिकडं फोन धरून होत्या.

रविवारी मुलानं पुन्हा नंबरचं काढलं. मी म्हटलं, राहू दे तो नंबर, माझे फोन येतात त्याच्यावर.