मयसभेतलं मिठागर

आज मी कॉलेजात कलेचा इतिहास शिकवतो, त्याचं श्रेय सर्वात आधी माझ्या ठाण्यातल्या घरमालकीण काकींना. त्यांचं तरुणपण खाडीकाठच्या मिठागरात गेलं. शाळा त्यांनी पाहिली नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. ठाण्याच्या खोपट स्टँडवर एसटीतून ट्रंक घेऊन उतरलो, तेव्हापासून त्यांच्याच मागच्या खोलीत राहिलो.

शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेसाठी मला मयसभेचं एक जुनं चित्र मिळालं. त्याचा अर्थ सांगायचा होता. नापास झालो तर वडील गावी परत बोलावणार होते. चित्रात एक राजपुत्र कोरड्या, चमकत्या निळ्या फरशीवर वस्त्र वर धरून चालला आहे. पुढचा हौद मात्र पांढरट, दगडासारखा. सज्ज्यात बायका हसताहेत. चित्रकाराला पाणी रंगवता आलेलं नाही, असं मी लिहून पाठ केलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काकी चहा घेऊन आल्या आणि चित्राची प्रत हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"कोणी काढलाय रे यो?"

चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नाही, असं मी सांगितलं.

"त्यानं मिठागर बघितलाय."

मग त्यांनी समजावलं. मीठ धरायला लागलं की पाण्यावर पांढरी साय येते, ते फरशीसारखं दिसतं. पायांनी चोपलेली ओली जमीन उन्हात पाण्यासारखी चमकते. नवा मजूर हमखास जमिनीवर कपडे सावरतो आणि पुढे खाऱ्या पाण्यात पडतो. आम्ही बांधावरून हसायचो, म्हणाल्या. ज्याला हसलं तो माणूस मनाला लावून घेतो, पुन्हा कामावर येत नाही, म्हणून सासू रागवायची. त्यांनी सज्ज्यातल्या बायकांवर बोट ठेवलं.

"या चुकल्या."

इतके दिवस मी त्या चित्रासमोर बसलो होतो आणि मला तिथे फक्त चूक दिसली होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत मी पाठ केलेलं सोडून मिठागराचंच सांगितलं. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं परीक्षकांनी विचारलं. घरमालकीण काकींनी सांगितलं, म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला, चित्र जवळ ओढलं आणि पुन्हा, सावकाश सांगायला लावलं.

निकाल लागला तेव्हा मी गावी होतो. काकींची सून वाचून दाखवेल म्हणून पत्र सोपं लिहिलं:

"ती. काकींना साष्टांग नमस्कार. पास झालो. बाबा पुढे शिकायला हो म्हणाले. खोली कुणाला देऊ नका, सोमवारी येतो. चित्रात हौदाच्या कडेला एक बाई उभी आहे. ती हसत नाही, हात पुढे करते आहे. मला ती आधी दिसलीच नव्हती. ती कोण असेल, ते आल्यावर तुम्हीच सांगा."