टिलरवाल्याचा आवाज

आमच्या बांधाशेजारचा शेतकरी पॉवर टिलर घेतल्यापासून ओरडूनच बोलतो. यंत्र बंद असलं, तरी त्याचा आवाज खाली येत नाही. चौसाळ्याच्या बाजारात तो मिरचीचा भाव विचारतो, तेव्हा पलीकडच्या म्हशी कान टवकारतात.

माझी आई गेली तेव्हा तो भेटायला आला. "लई वाईट झालं बे," तो दारातूनच ओरडला. बसलेली माणसं दचकली. तो शरमून निघून गेला आणि टिलर घेऊन परतला. यंत्र सुरू करून माझ्या कानाशी ओरडला, "रड आता. कुणाला ऐकू येत न्हाई."

तो आमचं अंगण उभं नांगरत होता, तोवर मी मोठ्यानं रडलो. उभी पाळी संपल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं.

"आडवी पाळी बी मारू का?"

"मार," मी ओरडलो.