दुपारी आडवं कोण पडतंय

दवाखान्यातल्या फिनेलचा वास आला की राधानगरीहून कोल्हापूरला तपासायला आणलेली माझी आई आठवते. रात्री घोरताना तिचा श्वास मध्येच अडकायचा आणि दिवसा धार काढता काढता ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकून झोपून जायची. डॉक्टरीणबाई छापील कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारू लागल्या. “टीव्ही बघताना डुलकी लागते?” “टीव्ही पोरं बघत्यात की, मी न्हाय.” “गाडीत बसल्यावर?” “मला कोण न्हेतंय गाडीनं?” “दुपारी आडवं पडल्यावर?” आईला हसूच आलं. “दुपारी आडवं कोण पडतंय, बाई?” बाई प्रत्येक उत्तरापुढे शून्य लिहीत गेल्या. मी न राहवून म्हशीचं सांगितलं, तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तसा प्रश्न यात नाही हो. बेरीज शून्य येते, म्हणून झोपेची तपासणी सध्या नको. रक्तदाब वाढलाय, त्याच्या गोळ्या घ्या.” काही निघालं नाही म्हणून आई खूश झाली. मी गोळ्या घेऊन परत आले, तर ती बाहेरच्या बाकावर पिशवी छातीशी धरून, मान टाकून गाढ झोपलेली. एसटीची वेळ झाली होती म्हणून हलवलं, तशी दचकून म्हणाली, “झोपले न्हवते ग, नुस्तं डोळं मिटलं हुतं.” त्याच वर्षी थंडीत एका पहाटे ती उठलीच नाही. झोपेतच श्वास थांबला, असं गावच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता एवढंच वाटतं, ती एसटी चुकली असती तरी चाललं असतं, मी तिला उठवायला नको होतं.